शाळा अर्धवट सुटली? बाहेरून दहावी-बारावी करण्याचे रस्ते, निर्वासितांसह सगळ्यांसाठी

"मी दहावी बाहेरून केली" हे आपल्याकडे अजूनही जरा दबक्या आवाजात सांगितलं जातं. कुणाचं लग्न लवकर झालं, कुणाचे वडील गेले आणि थोरल्याला दुकानात उभं राहावं लागलं, कुणाची वर्षं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाण्यात बुडाली, कुणी नववीत दोनदा नापास झाला आणि शाळेवरून मनच उडालं. शाळा सुटण्याची कारणं घरोघरी माहीत असतात. माहीत नसतो तो परत आत जाण्याचा रस्ता. फॉर्म भरायला मदत मागायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "आता या वयात चालतं का?"

चालतं. दहावीला किंवा बारावीला बसायला कमाल वयाची अट नाही. मिळणारं प्रमाणपत्रही नोकरीला, पुढच्या शिक्षणाला तितकंच ग्राह्य असतं. पण रस्ते एकापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येकाचे नियम निराळे. शेजारच्या वहिनींनी जिथून केलं तिथूनच आपणही करू, असं म्हणून फॉर्म भरणारे पुष्कळ असतात, आणि दोन वर्षांनी कळतं की हव्या त्या कोर्सला तो विषयच घेतलेला नव्हता. म्हणून एकच आग्रह: दहावी किंवा बारावी झाल्यावर काय करायचं आहे ते आधी ठरवा आणि त्यावरून रस्ता निवडा.

सतरा नंबरचा फॉर्म

महाराष्ट्रात सर्वांत ओळखीचा रस्ता हाच. राज्य मंडळाची दहावी किंवा बारावी शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून द्यायची असेल तर फॉर्म नंबर १७ भरावा लागतो. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली हवीत. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग त्याची प्रत आणि कागदपत्रं मंडळाने नेमून दिलेल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात नेऊन द्यायची. त्याला संपर्क केंद्र म्हणतात. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, वह्या जमा करणं हे सगळं तिथेच होतं.

पेपर मात्र तोच, जो शाळेतली मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये देतात. बाहेरून बसलात म्हणून प्रश्न सोपे येत नाहीत आणि प्रमाणपत्राचं मोलही कमी होत नाही. पास व्हायला ३५ टक्के. राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत देता येतात. दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं असा सगळा संच सोडवावा लागतो. हीच या रस्त्याची ताकद आणि हीच त्याची अडचण. शाळा सोडून एकदोनच वर्षं झाली असतील, गणिताचा धाक नसेल आणि पुढे डिप्लोमा किंवा अकरावी सायन्सचा विचार असेल, तर हा रस्ता चांगला. वीस वर्षांनी पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाला तो जड जाऊ शकतो. बारावीला विज्ञान शाखेचा विचार असेल तर प्रात्यक्षिकांचा प्रश्न येतो, तेव्हा पैसे भरण्याआधी संपर्क केंद्रात विचारून घ्या.

फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतो. तारीख दरवर्षी बदलते आणि मुदत संपल्यावर विलंब शुल्क लागतं. "दिवाळी झाली की बघू" म्हणणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं.

दाखल्याची गोष्ट

या सगळ्यात माणसं कुठे अडत असतील तर शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. अभ्यासाची वेळ तर फार पुढे येते.

समजा, एका ताईंनी सातवीनंतर शाळा सोडली. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आल्या. दाखला माहेरच्या पत्र्याच्या पेटीत होता, पुराच्या वर्षी भिजला. आता काय? मूळ शाळेत जायचं. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं. मूल शाळेत आलं त्या दिवशी त्याचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात आणि एक क्रमांक त्यात लिहिला जातो, आणि हे रजिस्टर शाळेला कायम जपून ठेवावं लागतं. मुख्याध्यापकांकडे दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करायचा. सोबत दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. कोणत्या वर्षी शाळेत होतो हे अंदाजाने जरी सांगता आलं तरी लिपिकाचं काम हलकं होतं. बरोबरच्या मैत्रिणीचा किंवा धाकट्या भावाचा दाखला असेल तर न्या, त्यावरून रजिस्टरचं नेमकं पान सापडायला मदत होते. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करा.

मग दुसरी अडचण. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. इथे पुष्कळ बायका घाबरून परत फिरतात. काही घाबरायचं नाही. दहावीचं प्रमाणपत्र शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने निघतं, आणि शाळेच्या कागदांची साखळी एकाच नावाने राहिली तर पुढे त्रास कमी होतो. दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद चालते. दाखल्यात जन्मतारीख चुकलेली असेल, तर मात्र ती दहावीच्या आधी दुरुस्त करून घ्या. एकदा प्रमाणपत्रावर छापली गेली की ती बदलणं फार अवघड होऊन बसतं.

मुक्त शाळा: एकेक विषय जमवत जाण्याची सोय

दुसरा मोठा रस्ता म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. १९७९ साली सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून याची सुरुवात झाली, १९८९ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. हे केंद्र सरकारचं मंडळ आहे आणि त्याची दहावी-बारावी सीबीएसई किंवा राज्य मंडळाच्या बरोबरीची मानली जाते. महाराष्ट्रासाठी तिचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते.

दहावीच्या प्रवेशासाठी वय १४, बारावीसाठी १५ पूर्ण हवं. दहावीसाठी आठवी पासचा कागद असेल तर तो जोडायचा. नसेल तर "दहावीचा अभ्यास झेपेल इतकं मी शिकलेलो आहे" असं स्वतःच लिहून द्यायचं, आणि जन्मतारखेचा पुरावा जोडायचा. ज्याच्याकडे शाळेचा कुठलाच कागद उरलेला नाही, त्याच्यासाठी या एका ओळीची किंमत फार मोठी आहे.

आता खरी सोय सांगतो. पाच विषय पास व्हायचे, पण ते एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. धुणीभांडी करणाऱ्या, दोन लेकरं सांभाळणाऱ्या बाईने एप्रिलमध्ये मराठी आणि गृहविज्ञान द्यावं, ऑक्टोबरमध्ये फक्त सामाजिक विज्ञान, पुढच्या एप्रिलमध्ये उरलेले दोन. पास झालेला विषय जमा राहतो. एका विषयात गचकलात तर तेवढाच पुन्हा द्यायचा. आधी राज्य मंडळाची परीक्षा देऊन काही विषयांत पास झाला असाल, तर त्यांतल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे वळते करून घेता येतात. दहावीत एकदोन विषयांनी अडकलेल्या मुलांचे आईवडील हे ऐकून नेहमी चकित होतात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पास व्हायला ३३ टक्के लागतात. २० टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायाचे असतात. ते हलक्यात घेऊ नका. वेळेवर आणि मनापासून लिहिलेला स्वाध्याय पेपरात डळमळलेल्या विद्यार्थ्याला हात देतो. अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी किंवा ठरलेल्या वेळी संपर्कवर्ग भरतात. केंद्र बरं असेल तर त्यांचा उपयोग होतो, नसेल तर अभ्यास स्वतःच करावा लागतो हे धरून चाला. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे.

दहावीच्याही खालून सुरुवात करायची असेल तर एनआयओएसचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडूनही पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा देता येते.

विषय निवडताना थांबून विचार करा

एनआयओएसमध्ये गणित सक्तीचं नाही. किमान एक भाषा घ्यायची आणि बाकीचे विषय आपल्या पसंतीने निवडायचे. यादीत चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र, डेटा एंट्री असले विषयही आहेत. गणिताच्या भीतीने शाळा सोडलेल्यांना हे वाचूनच हायसं वाटतं, आणि वाटावंही. गणितात नापास झालं म्हणून एखाद्याचं अख्खं शिक्षण थांबावं, हा आपल्या व्यवस्थेने केलेला मोठा अन्याय आहे असं मला वाटतं.

पण त्याची किंमत आधी माहीत हवी. दहावीला गणित आणि विज्ञान नसेल तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, अकरावी सायन्स आणि आयटीआयचे बरेच ट्रेड बंद होतात. मुलगा सोळा वर्षांचा असेल आणि पुढे काय करायचं हे अजून ठरलेलं नसेल, तर कष्ट पडले तरी हे दोन विषय घ्यावेत. तिशीच्या ताईंना अंगणवाडीत काम हवं असेल तर गोष्ट वेगळी. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या पदांसाठी राज्यात आता किमान बारावी पास लागते. तिथे गणिताविना कलाशाखेची बारावी अगदी पुरेशी आहे. इंग्रजी मात्र कुणीही टाळू नये. नर्सिंगपासून बँकेच्या परीक्षेपर्यंत कुठे ना कुठे ते विचारलं जातं, आणि नंतर एकट्या इंग्रजीसाठी पुन्हा फॉर्म भरणं जिवावर येतं. आणखी एक गोष्ट, दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर एनआयओएसलाही लागतं. "सहा महिन्यांत दोन्ही" असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय.

मुक्त शाळेतून बारावी झालेल्यांना पूर्वी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला बसू दिलं जात नव्हतं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा वाद मिटला. आता मान्यताप्राप्त मुक्त शाळेची बारावी वैद्यकीय प्रवेशालाही चालते, अर्थात त्या परीक्षेला लागणारे विषय घेतलेले हवेत.

रात्रशाळा आणि इतर वाटा

मुंबई-पुण्यात राहत असाल तर रात्रशाळेचा विचार जरूर करा. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात बसायचं. खरे शिक्षक, खरा फळा आणि आपल्यासारखीच सोबत. एकट्याने अभ्यास न जमणाऱ्यांना याहून चांगलं काही नाही. ही परंपरा आपलीच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात १९०९ पासून लग्न झालेल्या आणि विधवा बायका येऊन अक्षरं गिरवू लागल्या. मोठ्या माणसाने शाळेत परत येणं ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही.

आयटीआय केलेल्यांनी आपल्या संस्थेत समकक्षतेबद्दल विचारावं. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर भाषेसारखे मोजके विषय देऊन दहावी किंवा बारावीची बरोबरी मिळवता येते.

मूल चौदाच्या आतलं असेल तर मात्र त्याला मुक्त शाळेत घालायची घाई करू नका. शिक्षण हक्क कायद्याने त्याला नेहमीच्या शाळेतच, त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षणही. दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही. ऊसतोडीवरून, वीटभट्टीवरून परतलेल्या मुलांना हे फार लागू पडतं.

देशच सुटलेल्यांचं काय?

गाव सुटलेल्यांची ही कथा, तर देश सुटलेल्यांची आणखी बिकट. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने, म्हणजे यूएनएचसीआरने, २०२३ च्या अहवालात जगातल्या शाळकरी वयाच्या निर्वासित मुलांची संख्या १ कोटी ४८ लाख सांगितली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त शाळेबाहेर आहेत असं नोंदवलं. प्राथमिक शाळा कशीबशी मिळते, गळती होते ती माध्यमिकला. कारण तिथे मागचे कागद लागतात, नवी भाषा लागते आणि घरात कमावणारे हातही लागतात.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोण कुठून आला यावर पुष्कळ काही ठरतं. तिबेटी लोकांना सरकारने सुरुवातीपासून जागा आणि शाळा दिल्या. १९६१ मध्ये त्यांच्या शाळांसाठी केंद्राने वेगळी संस्था काढली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची तिबेटी वसाहत विदर्भातल्या लोकांना चांगली ओळखीची आहे. श्रीलंकेहून आलेल्या तमिळांना तमिळनाडूत सरकारी शाळांची दारं उघडी राहिली. अफगाणिस्तान, म्यानमार इथून आलेल्यांकडे मात्र बहुधा यूएनएचसीआरचं कार्ड तेवढं असतं. त्यावर आधार निघत नाही, आणि आधारशिवाय ऑनलाइन फॉर्म पुढे सरकत नाही.

तरीही कायद्याचा आधार आहे. घटनेच्या कलम २१ (क) मध्ये सहा ते चौदा वयाच्या "सर्व" बालकांना शिक्षण आहे, नागरिकत्वाची अट त्यात नाही. शिक्षण हक्क कायद्यातही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोहिंग्या मुलांच्या शाळाप्रवेशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा शिक्षणात कुठल्याही मुलाशी भेदभाव होणार नाही, मुलांनी सरकारी शाळेत प्रवेशासाठी जावं आणि नाकारला तर उच्च न्यायालयात यावं, असं न्यायालयाने सांगितलं.

चौदानंतर ही हमी संपते, आणि म्हणूनच निर्वासित मुलामुलींसाठी मुक्त शाळा इतकी मोलाची ठरते. मागच्या शाळेचा कागद काबूलमध्ये राहिला असला तरी स्वतः लिहून देण्याची सोय आहे, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी घेता येतं, आणि परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. दिल्लीत यूएनएचसीआरबरोबर काम करणाऱ्या संस्था अशा मुलांना भाषेचे वर्ग देतात आणि एनआयओएसचे फॉर्म भरायला मदत करतात. ओळखीचा कोणता पुरावा चालेल हे मात्र फॉर्म भरण्याआधीच, शक्यतो लेखी, विभागीय केंद्राकडून विचारून घ्यावं. ज्यांची शाळा परदेशात पूर्ण झाली आहे आणि कागदही हाताशी आहेत, त्यांनी पुन्हा दहावी-बारावी करण्याआधी भारतीय विद्यापीठ संघाकडे समकक्षतेची विचारणा करावी.

पुण्यात बरीच वर्षं अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. २०२१ पासून त्यांच्या देशात मुलींची सहावीपुढची शाळा बंद आहे. त्यांतलं एखादं कुटुंब तुमच्या इमारतीत राहत असेल, तर घरातल्या मुलीच्या शिक्षणाचं काय चाललंय हे आपुलकीने विचारा आणि वर लिहिलेलं त्यांना सांगा. आपणही हे पाहिलेलं आहे. फाळणीनंतर कराचीहून उखडून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज उभं केलं.

अमेरिकेत शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी जीईडी नावाची परीक्षा आहे. ती १९४२ मध्ये युद्धामुळे शाळा अर्धी राहिलेल्या सैनिकांसाठी तयार झाली. गणित, भाषा, विज्ञान, समाजशास्त्रं असे चार पेपर असतात. आजही तिथे पोहोचलेले प्रौढ निर्वासित तीच देतात. कमी वयाच्या मुलांना मात्र तिथेही आधी सरकारी हायस्कूलच गाठावं.

पैसे भरण्याआधी

"घरबसल्या दहावी, पासची गॅरंटी" अशा पाट्या एसटी स्टँडच्या भिंतीवर दिसतात. काही एजंट मान्यता नसलेल्या मंडळाचं प्रमाणपत्र चांगल्या कागदावर छापून देतात, आणि भरतीच्या पडताळणीत ते बाद होतं. पैसे जातात, वर्ष जातं, वर गुन्ह्याची भीती. मंडळ खरं आहे का हे शालेय शिक्षण मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे कोब्सेच्या यादीत पाहता येतं. फॉर्म स्वतः भरा किंवा विश्वासातल्या माणसाकडून भरून घ्या, शुल्क थेट मंडळाच्या संकेतस्थळावर भरा आणि पासवर्ड कुणालाही देऊ नका.

तयारीचं म्हणाल तर बालभारतीची आणि एनआयओएसची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. पण वाचण्याइतकंच लिहिणं महत्त्वाचं. पंधरा-वीस वर्षं ज्यांनी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही त्यांची बोटं अर्ध्या तासात आखडतात, आणि येत असलेलं उत्तरही पेपरात अर्धवट राहतं. फॉर्म भरलात की त्याच दिवसापासून रोज एक पान बघून लिहा. महिन्याभराने तेच न बघता लिहा. परीक्षेच्या आधी दोनतीन रविवारी घड्याळ लावून सलग तीन तास बसा, मध्ये उठायचं नाही, आणि घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा.